आधी आजाऱ्यांची खोली बघ

अगं, सोसायटीतल्या त्या कुत्रीला शेल्टरमध्ये सोडायचं तू मनावर घेतलंयस, म्हणून नीट सांगते. इन्स्टावरचे फोटो बघून जागा ठरवू नकोस. दिल्लीत डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखाली फ्रेंडिकोज आहे, १९७९ पासूनची संस्था. डोक्यावरून गाड्या धडधडतात, जागा चिंचोळी. हिरवंगार लॉन असलेल्या फार्महाऊसपुढे ती कुणाच्या डोळ्यांत भरणार? पण प्राण्याची देखभाल लॉनवरून कळत नाही.

गेल्यावर पहिलं विचार, नवा आलेला प्राणी कुठे ठेवता? सगळ्यांतच सोडत असतील तर तिथूनच परत फिर. पार्व्हो एकदा शिरला की पिल्लांची खोलीच्या खोली रिकामी होते. तो विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, फिनाईलला दाद देत नाही, ब्लीच लागतं. म्हणून सफाईवाल्याकडे लक्ष दे. तो आधी निरोगी पिल्लांकडे जातो की आजाऱ्यांकडे? दोन्हीकडे पोछा तोच? आजाऱ्यांच्या खोलीतून निघताना बूट बदलतो? डॉक्टरांच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. सकाळी थोडा वास येणारच, पण भरदुपारी डोळे चुरचुरत असतील तर सफाई होत नाही, हे समज.

मग विचार, गेल्या महिन्यात किती दगावले? गाडीखाली आलेले, किडे पडलेले प्राणी येतात तिथे मृत्यू होतातच. चांगली माणसं रजिस्टर उघडून दाखवतात. ‘आमच्याकडे एकही मरत नाही’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. देणगीची पावती करासाठी ठीक, तिच्यावरून देखभाल कळत नाही.

आणि ‘जागा नाही’ म्हणणाऱ्यावर रागावू नकोस. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली-एनसीआरमधली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं, तेव्हा एवढ्या कुत्र्यांना जागा होती कुठे? २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो आदेश बदलला: नसबंदी, लस, जंतनाशक देऊन जिथून उचलली तिथेच सोडा, रेबीजची किंवा आक्रमक तेवढी ठेवा. जो येईल त्याला आत घेत सुटणाऱ्याच्या पिंजऱ्यात एकाच्या जागी चार कोंबलेली असतात, आणि खायच्या वेळी दुबळं उपाशी राहतं.

तुझी कुत्री तर धडधाकट आहे गं. तिला कायमचं कोंडू नकोस. नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण करून आण, नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच पडली की गेटवर राहू दे. फक्त प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेलं केंद्र बघ, आणि नेताना सेक्टर, गेट नंबर रजिस्टरमध्ये तुझ्यासमोर लिहून घे. नाहीतर परत आणताना भलत्याच सेक्टरात उतरवतात, आणि तिथली कुत्री तिला फाडायला धावतात.