एकटीनं रेटू नका, बायांनो

संकट आलं की 'मी आहे ना, मी बघते' म्हणत पदर खोचणाऱ्या बायांसाठी हे लिहिते आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. तळेगाव ढमढेऱ्यातलं आमचं रान, गाई, सासूबाई, मुलांच्या शाळा, सगळं माझ्यावर आलं. उन्हाळी कांदा चाळीत भरलेला होता. ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, भाव बसला आणि कांदा चाळीतच सडू लागला. रात्री मिस्टरांचं अंग पुसून झालं की बॅटरीच्या उजेडात मी कांदा निवडत बसे. बोट लावलं की आत जाई. हाताचा वास साबणानंही निघत नसे. मंडळीत कुणी विचारलं की 'चाललंय देवाच्या कृपेनं' एवढंच सांगायची. प्रार्थना करायचे, पण मागणं एकच, मला ताकद दे. शेवटी धार काढताना भोवळ येऊन गोठ्यातच पडले. रक्तदाब पार वर गेला होता.

पाळकबाई भेटायला आल्या. त्यांनी निर्गमाचा अठरावा अध्याय वाचला. मोशे दिवसभर एकटाच लोकांचे निवाडे करत बसतो, तेव्हा सासरा त्याला सांगतो की हे तुझ्या एकट्याच्यानं व्हायचं नाही, माणसं सोबत घे. मोशेलासुद्धा हे सांगावं लागलं, मग आपली काय कथा!

याची मोठी साक्ष आपल्या शेजारीच आहे. न्हावरा-चौफुल्यावरून दौंड तालुक्यात उतरलं की केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. विद्येला आणि धीराला या बाईकडे तोटा नव्हता. १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाला. तरी ख्रिस्त खऱ्या अर्थानं सापडायला पुढं कित्येक वर्षं गेली, हे त्यांनीच आपल्या साक्षीत सांगितलं आहे. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणलं. अमेरिकेतून दहा वर्षांसाठी कबूल झालेली मदत त्याच सुमारास संपत होती. तरी प्रभूवर भिस्त ठेवून त्यांनी आणखी मुलींना दार उघडलं. आणि प्रार्थनेबरोबर शेती, विहिरी, माग, छापखाना हेही चालू ठेवलं. प्रभूवर टेकणं म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, हे केडगावानं दाखवलं आहे.

मला जे उमगलं ते सांगते. सकाळी कामाला लागण्याआधी एकेक काळजी नाव घेऊन प्रभूपुढं ठेवा, मग त्या दिवसापुरतंच काम करा. गोळ्या वेळेवर घ्या. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. आणि मदतीला आलेला हात परत पाठवू नका. मंडळीतल्या बाया आमच्या चाळीवर कांदा निवडायला बसल्या, तरुण पोरांनी मिस्टरांना व्यायामासाठी दवाखान्यात नेलं-आणलं. प्रभूनं पाठवलेली ताकद अशी दुसऱ्यांच्या हातांनी आली. मी ती माझ्याच अंगात शोधत होते.

कांद्याचे पैसे झाले नाहीत. मिस्टर अजून काठी घेऊनच चालतात. विश्वास ठेवला की सगळं पूर्ववत होतं, असं मी कुणाला सांगणार नाही. पण आता मला रात्री झोप लागते, आणि दुखणं, देणं, भीती ऐकणारी माणसं आहेत.

तुमच्या घरी असं ओझं असेल, तर येत्या रविवारी उपासना संपल्याबरोबर घरी पळू नका. एकीला तरी बाजूला घ्या आणि 'चाललंय' न म्हणता जे आहे ते सांगा. तिथंच दोघींनी मिळून प्रार्थना करा.