आंबोलीच्या रानात कमी चाला

आंबोलीला पहिल्यांदा जाऊन आलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते: रान घनदाट आहे, पण दिसत काहीच नाही. ताडोबात उन्हाळ्यात पानगळ होते, पाणवठे मोजके उरतात आणि जनावर उघड्यावर यावंच लागतं. सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित रानात असं काही घडत नाही. इथे पानं बारमाही, पाणी बहुतेक काळ, आणि निम्मं जीवन डोक्यावरच्या छतात. त्यात आपण ट्रेकर मंडळी. दोन तासांत माथा, संध्याकाळपर्यंत पंधरा किलोमीटर, अशी पायांना लागलेली सवय. ही सवय गडावर उपयोगी पडते, या रानात मात्र तीच आड येते. इथे दोन तासांत अर्धा किलोमीटर झाला, तर तो चांगला वेग समजावा.

आंबोली सिंधुदुर्गात, सावंतवाडी तालुक्यात, सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. कोकण रेल्वेने सावंतवाडीला उतरलात तर तिथून घाट चढून साधारण तीस किलोमीटर. कोल्हापूर आणि बेळगावकडूनही रस्ते आहेत, एसटी आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते. रान बघायला यायचं असेल तर आठवड्यातले मधले दिवस धरा. ते जमणार नसेल तर उजाडताना धबधब्याकडे पाठ करून जवळच्या चौकुळ गावाच्या रस्त्याला लागा.

उभं कुठे राहायचं, यावर बरंच काही अवलंबून असतं. गर्द झाडीत शिरलं की वीस-पंचवीस मीटरवरच्या फांद्यांत काय चाललंय ते खालून कळत नाही. नुसती मान दुखते. त्यापेक्षा रस्त्याचं असं वळण शोधा जिथे खालच्या अंगाला उतार आहे. उतारावरच्या झाडांचे शेंडे तिथे आपल्या डोळ्यांच्या पातळीला येतात आणि रानाचं छत समोर पसरतं. पूर्वेकडे तोंड असलेला उतार मिळाला तर आणखी उत्तम, कारण सकाळचं पहिलं ऊन त्याच शेंड्यांवर पडतं, किडे तिथे हलू लागतात आणि पक्षी त्यांच्या मागे येतात. थंडीत उजाडल्यापासून साडेनऊपर्यंतचा वेळ सोन्याचा. दुपारी बारा ते तीन जेवा, झोपा, टिपणं लिहा.

उभं राहिल्यावर पहिली वीस मिनिटं काहीच होणार नाही. इथेच बहुतेक जण कंटाळून पुढे जातात. या रानातले कीटक खाणारे पक्षी विखरून राहत नाहीत, वेगवेगळ्या जातींचे मिळून एका टोळीने फिरतात. टोळी दूर असेल तोवर रान सुनं, आणि आली की पाच-दहा मिनिटांत डोळे पुरत नाहीत. निखाऱ्याची जोडी शेंड्यावर, नीलमणी मधल्या फांद्यांत, सुतार खोडावर, बारके सातभाई झुडपात, आणि या सगळ्यांच्या थोडा वर शेपटीला दोन लांब तारा लावलेला भृंगराज. बाकीच्यांच्या हालचालीने उडालेले किडे तो टिपतो, आणि ससाणा-शिक्रा दिसला की इशाराही बहुधा तोच पहिल्यांदा देतो. तो नकलाही फार सुंदर करतो. सर्पगरुडाची शीळ ऐकून आकाशात बघाल आणि गरुड नसेल, तर जवळच्या फांदीवर भृंगराज शोधा. टोळी आली की कॅमेरा बाजूला ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. आधी कोण कुठल्या थरात आहे ते बघा. टोळी पुढे सरकते त्याच दिशेने, रस्त्यावरूनच, तिच्या चालीने सरका.

टोळीत न मिसळणाऱ्यांसाठी वेगळी नजर लागते. मलबारी कर्णा हा त्यातला सर्वांत देखणा. नराचं डोकं काळं, छाती-पोट लालभडक, मध्ये पांढरी रेघ. एवढा रंग असूनही तो दिसत नाही, कारण सावलीतल्या आडव्या फांदीवर ताठ बसून तो कितीतरी वेळ हलतच नाही. त्याला शेंड्यावर शोधू नका. गुडघे वाकवून जमिनीपासून दोन ते सहा मीटरच्या पट्ट्यात नजर फिरवा, फांद्या एकेक करून तपासा.

दुर्बिणीबद्दल नेहमी विचारलं जातं. दुकानदार दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण पुढे करतो. या रानासाठी ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर भरते, १०×४२ मध्ये जेमतेम चार. सावलीत हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय आठपटीच्या दुर्बिणीत हाताची थरथर कमी जाणवते आणि दृश्य रुंद असल्याने पानांत हरवलेला पक्षी पुन्हा लवकर सापडतो.

आता उंबर, वड, नांद्रुक. या कुळातल्या झाडांचा फळांचा काळ एक नसतो. प्रत्येक झाड आपापल्या वेळी पिकतं, म्हणून रानात जवळजवळ कुठल्याही महिन्यात एखादं झाड फळांनी लगडलेलं असतं. ते झाड सापडलं तर दिवसभर दुसरीकडे जायची गरज नाही. गावात पोचल्यावर चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न हाच विचारा: सध्या कुठलं झाड पिकलंय? बिबट्या कुठे दिसतो यापेक्षा या प्रश्नाला फार चांगली उत्तरं मिळतात. पिकलेल्या झाडावर हरियाल, कुटुरगे, नीलपरी, बुलबुल येतात, शेकरू येतं, आणि नशीब असेल तर धनेश. इथे मलबारी राखी धनेश बऱ्यापैकी दिसतो, कवड्या धनेश त्याहून कमी, महाधनेश क्वचित. महाधनेश दिसण्याआधी ऐकू येतो. त्याच्या पंखांतल्या मोठ्या पिसांच्या बुडाशी झाकण देणारी पिसं नसतात, हवा मधून जाते आणि भात्यासारखा फस-फस आवाज दूरवर पोचतो.

धनेशाची मादी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा-मातीने दार लिंपून घेते. उरते ती एक फट. पुढचे अनेक आठवडे ती आणि पिल्लं नराने आणलेल्या फळांवर जगतात. ढोलीखाली माणसं उभी असतील तर नर समोरच्या झाडावर चोचीत फळ धरून ताटकळत राहतो. एक गट गेला की दुसरा येतो, आणि आत उपास घडतो. म्हणून मी नवख्यांना घरट्याकडे जाऊच नका असं सांगतो. फळझाडावर धनेश बघा, तिथे तो मोकळा असतो. कुणी घरटं दाखवतो म्हणून पैसे मागत असेल तर नको म्हणा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही असंच. विणीच्या दिवसांत नराला वाटतं की दुसरा नर हद्दीत शिरलाय, आणि तो घरटं सोडून भांडायला येतो.

शेकरू बघायला भीमाशंकरच हवं असं नाही, आंबोलीतही ते आहे. आधी घरटी शोधा: उंच झाडावर, फांद्यांच्या टोकाला, काटक्या-पानांचे मोठे गोळे. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे आत शेकरू असेलच असं नाही. त्याचा खडखडाटी ओरडा ऐकू आला तर शेकरूकडे न बघता ते ज्या दिशेला बघतंय तिकडे बघा. छताला घासून संथ तरंगत जाणारा काळा गरुड कित्येकदा असाच सापडतो. भेकर भुंकलं, वानर खाकरले, तरी हेच करा.

पावसाळ्यात मात्र सगळा बेत बदलायचा. जून ते ऑगस्ट आंबोलीवर धुकं इतकं दाट असतं की दुर्बीण बहुधा पिशवीतच राहते. पक्ष्यांत एक शीळकरी कस्तूर तेवढा ओढ्याकाठी गात असतो, पहाटे, माणसाने शीळ घालावी तसा. बाकी हे दिवस बेडकांचे आणि सापांचे, आणि वेळ रात्रीची. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर पांढऱ्या फेसाचे गोळे दिसतील. ती मलबारी उडत्या बेडकाची घरटी. मादी अंड्यांबरोबर सोडलेला स्राव मागच्या पायांनी घुसळून फेस करते. अंडी त्यात ओलसर राहतात आणि बेडूकमासे वेळ झाली की टपाटप खालच्या पाण्यात पडतात. खालचं डबकं बुटांनी ढवळू नका.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जायचं असेल तर त्याहून जपून. आंबोली टोड नावाचा छोटा भेक शास्त्राला २००९ मध्ये नव्याने माहीत झाला. तो फक्त आंबोलीच्या परिसरातच सापडतो आणि अतिशय धोक्यात असलेल्या प्राण्यांत मोडतो. पावसाच्या सुरुवातीला तो जांभ्याच्या सड्यावरच्या बोट-दोन बोटं खोल पाण्यात अंडी घालतो. तुमच्या बुटाला जे डबकंही वाटत नाही, तिथे त्याची एक पिढी असते. उघड्या खडकावर पाऊल टाका, पाणी साचलेल्या खळग्यांत नाही. गाडी तर सड्यावर घालूच नका. बेडूक हातात घेऊ नये, याचंही कारण आहे: त्यांची कातडी झिरपणारी असते आणि आपण हाताला चोळलेलं डासांचं मलम सरळ त्यांच्या अंगात जातं.

मलबारी चापडा या रात्रींचा दुसरा मानकरी. हिरवा, तपकिरी, पिवळा, कधी नारिंगी. झुडपावर किंवा दगडावर वेटोळं करून तो एकाच जागी कित्येक दिवस दबा धरून बसतो, म्हणून काल दिसला तिथे आज पुन्हा बघायचं असतं. आणि म्हणूनच वाटेवर आधाराला फांदी किंवा कठडा धरायचा नाही, आधी विजेरी मारायची, मग हात. आपल्याकडे मिळणारं सर्पदंशाचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. चापड्याच्या विषावर ते बनवलेलं नाही. दंश झालाच तर अंगठ्या-घड्याळ काढा, हात किंवा पाय हलवू नका, कापू-बांधू नका, सरळ सावंतवाडी गाठा आणि साप कसा होता ते डॉक्टरांना सांगा. सापाला पकडून किंवा मारून न्यायचं नाही.

रात्रीच्या फेरीला एकटं जाऊ नका. आंबोलीत प्राण्यांचा खरा अभ्यास असलेले स्थानिक तरुण वाटाडे आहेत. त्यांच्याबरोबर जा आणि पैशांत घासाघीस करू नका. राखीव वनात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती आधी काढा. अंगावर सळसळणाऱ्या प्लास्टिकच्या रेनकोटापेक्षा मोठी छत्री बरी, आवाज ऐकू येतात. घाटरस्त्यावर गाडी अगदी हळू चालवा. पावसात रस्ता ओलांडणारं गांडूळ दिसलं तर थांबून बघा, ते देवगांडूळ असू शकतं: बेडकांचा बिनपायांचा नातेवाईक, जो एरवी मातीखालीच राहतो.

जळवांची भीती उगाच जास्त आहे. त्या ओढून काढू नका, नख सरकवून तोंड सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं कारण त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, पण धोका नसतो. खरी काळजी कोरड्या दिवसांत, जानेवारी ते मे, गोचिडांची घ्यायची. शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडांमार्फत पसरतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, पाचोळ्यावर बसणं नाही, परतल्यावर कपडे गरम पाण्यात आणि सगळं अंग तपासून आंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. घरी आल्यावर पुढच्या दहाएक दिवसांत अचानक जोराचा ताप आला तर रानात गेला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शहरातल्या डॉक्टरांना ते आपणहून सुचणं कठीण.

दोन दिवस जास्त असतील तर खाली दोडामार्ग तालुक्यातल्या तिळारीला उतरा. २०२०मध्ये तिळारीच्या रानाचा एक पट्टा संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आंबोलीपेक्षा इथली उंची कमी, हवा दमट, आणि धनेश दिसण्याची शक्यता अधिक. मात्र २००२पासून कर्नाटकातून आलेले हत्ती दोडामार्गात वावरतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला बागांमधून पायी फिरू नका, आज हत्ती कुठल्या बाजूला आहेत हे गावात विचारूनच बाहेर पडा. गवा समोर आला तर थांबा, मागे सरका, त्याची वाट मोकळी ठेवा.

दिसलेल्याची नोंद त्याच दिवशी करा: जागा, वेळ, झाड, थर, काय करत होता. फोटो टाकताना घरट्याची आणि दुर्मीळ सापा-बेडकांची नेमकी जागा लिहू नका, तालुका पुरे. आणि एकच वेळ निवडायची असेल तर पक्ष्यांसाठी मार्चचा पहिला पंधरवडा निवडा. धुकं विरळ, उत्तरेकडून आलेले पाहुणे अजून मुक्कामाला आणि अंजनी निळ्या फुलांनी भरायच्या बेतात. बेडकांसाठी जूनअखेर, सलग दोन-तीन दिवस पाऊस पडून गेल्यावर निघा.