सुतारनेटातील धूळशोषकास स्वयंचलित खटका

पूर्वी गावच्या सुतारनेटात हातकरवत, वाकस व रंधा यांवर काम चाले. त्यातून पडणारा भुसा जाडसर असे व तो झाडून काढता येई. विजेची चक्री करवत आल्यापासून कुळव-पाभरीचे काम लवकर उरकते खरे. परंतु तिच्यापासून उडणारी काही भुकटी इतकी बारीक असते की ती थेट फुप्फुसांत उतरते. लाकडाची धूळ मनुष्यास कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केला.

धूळशोषक विकत घेतला म्हणजे काम झाले असे नव्हे. एखादीच फळी कापावयाची असली की तो सुरू करण्याचा कंटाळा केला जातो, आणि अशा 'एखाद्याच' फळ्या दिवसातून वीस होतात. म्हणून करवतीबरोबर तो आपोआप सुरू व्हावा, अशी जोडणी करणे इष्ट होय.

करवत एका जागी पक्की बसविलेली व स्वतंत्र स्टार्टरची असेल, तर काम सोपे आहे. २३० व्होल्टच्या काँटॅक्टरची कॉइल स्टार्टरच्या मोटरकडील टोकांस जोडावी. करवतीस वीज मिळताच कॉइललाही मिळते व काँटॅक्टर धूळशोषक सुरू करतो. धूळशोषकाची वीज मात्र स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावी. जेथे एवढ्याने भागते तेथे अधिक खर्च करू नये.

हातातील यंत्रांचा खटका यंत्रावरच असतो. तेथे ही युक्ती चालत नाही. अशा ठिकाणी प्रवाह ओळखणारा रिले वापरावा. प्लगकडे जाणारी फेज तार रिलेच्या कड्यातून ओवावी. यंत्र सुरू झाले की तारेतील प्रवाहामुळे कड्यावरील वेटोळ्यात अल्प वीज उत्पन्न होते आणि रिले मिटतो. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र ओवल्यास परस्परांचा परिणाम नाहीसा होतो व रिले हलत नाही. ही चूक नेहमी होते. प्रवाह थोडा असल्यास तीच तार कड्यातून दोनदा ओवावी, म्हणजे परिणाम दुप्पट होतो. कड्याचे वेटोळे मोकळे ठेवून त्यातील तारेत प्रवाह सोडू नये. मोकळ्या टोकांवर धोकादायक दाब निर्माण होऊ शकतो.

हा लहान रिले मोटरचा भार थेट वाहू शकत नाही. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते व रिलेची टोके चिकटून बसतात. त्यासाठी रिलेने फक्त काँटॅक्टरची कॉइल चालवावी. एक अश्वशक्तीच्या सिंगल फेज मोटरीस मोटरभारासाठी ९ अँपिअरचा काँटॅक्टर सामान्यतः पुरतो. तरी मोटरीवरील पट्टीचा आकडा पाहूनच तो निवडावा. ओव्हरलोड रिलेही बसवावा.

रिलेसोबत टायमर असावा. करवत सुरू झाल्यावर दोन सेकंदांनी धूळशोषक लागला, तर दोन्ही मोटरींचा ओढा एकदम येत नाही. करवत थांबल्यावर तो आणखी आठ-दहा सेकंद चालावा, म्हणजे नळीतील भुसा पिशवीत पोहोचतो.

सर्व जोडणी परवानाधारक वायरमनकडून, धूळ शिरणार नाही अशा बंद पेटीत करून घ्यावी व मोटर आणि पेटी दोहोंस अर्थिंग द्यावे. पेटीवर 'हाताने, बंद, आपोआप' असा तीन जागांचा खटका ठेवावा. हे यंत्र न सांगता सुरू होते, याची जाणीव कामावरील प्रत्येकास द्यावी. पिशवी रिकामी करताना अथवा नळी मोकळी करताना मुख्य खटका बंद करून फ्यूज काढून घ्यावा.