दुचाकीस्वाराची जीन्स : कापड आणि कवच

प्रश्न : महामार्गावरील दुचाकी प्रवासासाठी संरक्षक जीन्स कशी निवडावी?

उत्तर : साधे डेनिम डांबरावर घसरताच फाटते, म्हणून अ‍ॅरामिड, म्हणजे उष्णतेने न वितळणारा चिवट कृत्रिम धागा, कापडातच विणला आहे की केवळ गुडघा व नितंबांपाशी अस्तर म्हणून लावला आहे, हे प्रथम पाहावे. युरोपीय मानक ईएन १७०९२ नुसार संरक्षणाची उतरती श्रेणी एएए, एए, ए अशी असून महामार्गासाठी किमान एए घ्यावी. आघात शोषणाऱ्या कवचांचे मानक, ईएन १६२१-१, वेगळे आहे. त्यातील पहिल्या पातळीत पलीकडे पोहोचणाऱ्या सरासरी बलाची मर्यादा ३५ किलोन्यूटन, तर दुसरीत २० आहे. मात्र उत्तम कवचही जागचे सरकले तर निरुपयोगी ठरते, आणि हा दोष उभ्याने लक्षात येत नाही. त्यामुळे गाडीवर बसून, गुडघे वाकवूनच जीन्स पारखावी.