परत आलेल्या कुर्त्या

कूचा महाजनी, चांदनी चौक, दिल्ली

चि. ओंकार,

परवा फोनवर तू तावातावाने विचारलंस, "माल माझा नाही, गोदाम माझं नाही, मग परत आलेल्या पार्सलचा ताप माझ्याच डोक्याला का?" तेव्हाच उत्तर दिलं असतं तर आपलं वाजलं असतं. म्हणून लिहितो आहे.

कोल्हापूरच्या ज्या बाईने कुर्ती मागवली तिने पैसे तुला दिले. दिल्लीच्या गांधी नगरचा व्यापारी तिला ठाऊकही नाही. पार्सल त्याने बांधलं, कुरिअरने पोचवलं, पण बिलावर नाव तुझं आहे. ड्रॉपशिपिंगमध्ये माल भरून ठेवायचा खर्च वाचतो, त्याच्या बदल्यात उलट आलेला माल निस्तरायचं काम तुझ्या वाट्याला येतं. फोटो चढवणं आणि जाहिराती लावणं आज तुझ्या नोएडातल्या प्रत्येक दुसऱ्या खोलीत चालतं. धंदा टिकतो की बुडतो ते या निस्तरण्यावर ठरतं.

आधी हिशेब. कुर्ती 250 ला घेतलीस, 549 ला विकलीस. जायचं भाडं 70, यायचं 60, आणि एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीचे 120 धर. शंभर ऑर्डरींतल्या 75 पोचल्या, 25 माघारी आल्या. पोचलेल्यांतून भाडं जाऊन 17,175 सुटले. माघारी आलेल्यांनी 3,250 खाल्ले, जाहिरातीने 12,000. हातात राहिले 1,925. आता त्या पंचवीसातल्या आठच कुर्त्या मळून किंवा फाटून आल्या तरी 2,000 गेले, म्हणजे शंभर ऑर्डरी करून घरातले 75 रुपये घातलेस. जीएसटी यात धरलेलाच नाही. तू मला विक्रीचा आकडा दाखवतोस. मला पोचलेल्या मालाचा आकडा दाखव.

माघारी येणारा मालही एका जातीचा नसतो, आणि तुझ्या वहीत तो सगळा एकाच रकान्यात आहे. आरटीओ वेगळा मांड, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती न पडताच फिरलेलं पार्सल. त्याचा उगम बहुतेक वेळा कॅश ऑन डिलिव्हरीत असतो. पैसे गुंतलेले नसले की माणूस रात्री मागवतो आणि सकाळी विसरतो. ऑर्डर आली की माल सुटण्याआधी फोन करून पत्ता, पिनकोड, खूण विचारून घे. कुरिअरवाल्याने "ग्राहक भेटला नाही" असं लिहिलं तर त्याच दिवशी ग्राहकाला विचार. पुष्कळदा तो घरीच असतो. आगाऊ पैसे भरणाऱ्याला तीस-चाळीस रुपये सूट दिलीस तरी ती येण्याजाण्याच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडते.

दुसरी जात म्हणजे घेऊन, उघडून, नको म्हणून पाठवलेला माल. इथे तू खरा कात्रीत आहेस. गांधी नगर काय, सदर बाजार काय, ठोक व्यापाऱ्याचं धोरण एकच: बिका हुआ माल वापस नहीं होगा. तो सेटच्या सेट विकतो, त्याला एक सुटी एक्सएल परत घेऊन काय करायचं? पण तुझ्या गिऱ्हाइकाला तू हे वाक्य ऐकवू शकत नाहीस. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत पैसे द्यावे लागतात. जुलै 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी आणखी बांधलं आहे. माल वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोचला, तरी परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. तक्रार आली की 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. शिवाय ती बाई कोल्हापुरात बसून कोल्हापूरच्याच ग्राहक आयोगात तुझ्यावर तक्रार गुदरू शकते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिला फीसुद्धा लागत नाही. पाचशेच्या कुर्तीसाठी कोण जातं, असं तू म्हणशील. एखादी जाते, आणि तारखेला नोएडाहून तुला पळावं लागतं.

म्हणून "तीन दिवसांत घरपोच" हे तुझ्या पानावरून काढ, निदान नोव्हेंबर ते जानेवारी तरी. हवा बिघडून ग्रॅप या प्रदूषण-योजनेचा चौथा टप्पा लागला की जुन्या डिझेल ट्रकना दिल्लीत शिरता येत नाही, डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं. सात दिवस सांग आणि पाचव्या दिवशी पोचव.

रंग, कापड आणि माप हे व्यापाऱ्याच्या फोटोवरून लिहू नकोस. प्रत्येक नव्या डिझाइनचा एक नग विकत घे, टेप लावून छाती-लांबी मोज, एकदा धू, दिवसाउजेडी फोटो काढ. आपल्याकडचं "एल" आणि गांधी नगरचं "एल" यांत दोन इंचांचा फरक सहज निघतो, आणि कपड्यांचं निम्मं परत येणं या मापातच असतं असा माझा संशय आहे.

परतीचा पत्ता व्यापाऱ्याचा देऊ नकोस, तुझ्या खोलीचा दे. त्याच्याकडे थेट गेलेला नग त्याच्या ढिगात मिसळतो आणि "आलाच नाही" हे ऐकायला तू मोकळा. आपल्या सोनं गाळायच्या गलाईत बघतोस ना, मूस भट्टीत ठेवायच्या आधी वजन, नंतर वजन, दोन्ही गिऱ्हाइकासमोर, मग घटीवरून वाद उरत नाही. तसंच पार्सल फोडायच्या आधी कॅमेरा लाव, लेबल दिसू दे, मग टाका उसव. लग्नसराईत एकदा घालून अत्तराच्या वासासकट पाठवणारे दिल्लीत कमी नाहीत, जुनी कुर्ती भरून पाठवणारेही भेटतील. चित्रण असेल तर त्यांना नम्रपणे नाही म्हणता येतं. पण एकाने फसवलं म्हणून बाकी सगळ्यांना दहा प्रश्न विचारायचे, हे मला पटत नाही. दोष आपला असेल तर पैसे आधी परत कर, व्यापाऱ्याशी भांडण मागाहून कर. तुझ्या पानावरची "अटी लागू" ही बारीक ओळ तर आजच काढून टाक. तशा ओळी लिहिणाऱ्याकडून मी स्वतः काही घेत नाही.

कागदाचं थोडक्यात. गिऱ्हाइकाला पैसे परत दिलेस की क्रेडिट नोट काढ आणि व्यापाऱ्याने माल परत घेतला तर त्याच्याकडूनही घे. नाहीतर न झालेल्या विक्रीचा कर तू भरत बसशील. आर्थिक वर्ष संपल्यावर येणारा 30 नोव्हेंबर ही त्याची शेवटची तारीख, आणि वार्षिक विवरण त्याआधी भरलंस तर त्या दिवसापर्यंतच. सीएला तोंडी सांगून भागत नाही.

राहता राहिला तो व्यापारी. त्याच्याशी आजवर तुझं सगळं व्हॉट्सअॅपवर चाललंय. शिवणीचा दोष किंवा चुकीचा रंग निघाला तर पंधरवड्यातून एकदा गठ्ठा बदलून द्यायचा, एवढं एका कागदावर सहीनिशी कबूल करून घ्यायचं. न आवडलेला किंवा माप चुकलेला माल तो घेणार नाही, तो तुझा. त्याची वेगळी यादी करून कमी भावात काढ. आणि तो सहीला राजी झाला नाही तर दुसरा व्यापारी शोध, त्या गल्ल्यांत तोटा नाही.

रविवारी माझी पेढी बंद असते आणि गांधी नगर उघडं, त्यांची सुट्टी सोमवारी. येत्या रविवारी अकराला तिथे ये, मी बरोबर बोलायला येतो. परत आलेल्या सगळ्या कुर्त्या पिशवीत घाल आणि प्रत्येकीवर कारणाची चिठ्ठी टाचून आण. ताईला सांग, विट्याहून आलेली चटणी पोचली.

तुझा,
मामा