निघायच्या आदल्या आठवड्यातली लस

“एक डोस टोचून घ्या, बाकीचे तिकडे गेल्यावर बघू.” परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य इतकं रुळलंय की ऐकणाऱ्याला तो वैद्यकीय सल्लाच वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे असते ती आपली फाइल पुढे सरकवण्याची घाई, आणि तिची किंमत जाणारा माणूस आणि त्याचं घर मोजतं. या वाक्याचा मनस्ताप मी पुरेपूर भोगलेला आहे. कोणामुळे आणि कसा, ते इथे उगाळत बसत नाही, पण राग गेलेला नाही हे लपवणारही नाही. “लस घ्या म्हणून आम्ही सांगितलं होतंच,” एवढं बोलून मंडळी मोकळी होतात. सांगितलेलं असतं खरं. पण कधी घ्यायची, किती घ्यायची, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर घ्यायची, हे कोणी सांगत नाही, आणि हेपॅटायटिस बीच्या बाबतीत सगळं अडतं ते तिथेच. या लशीचं निम्मं बळ तारखांमध्ये असतं. म्हणून प्रवासाचा दिवस ठरला की तिथून मागे मोजत लशीचा पहिला दिवस ठरवायचा, हे माझं म्हणणं आहे आणि ते कशाच्या आधारावर आहे तेही सांगते.

नेहमीचा क्रम बहुतेकांना ऐकून माहीत असतो: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. प्रौढांना आपल्याकडे दर वेळी साधारणपणे 20 मायक्रोग्रॅमचा डोस देतात. या तीन पायऱ्यांवर काय काय होतं ते मात्र कोणी समजावत नाही. चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसांमध्ये पहिल्या डोसनंतर पुरेशी प्रतिपिंडं तयार होतात ती 30 ते 55 टक्के लोकांत. दुसऱ्यानंतर हे प्रमाण 75 टक्क्यांच्या आसपास जातं आणि तिसऱ्यानंतर 90 टक्क्यांच्या वर. म्हणजे एक डोस घेऊन विमानात बसलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त जणांच्या हाती काहीच लागलेलं नसतं, आणि ज्यांना मिळतं त्यांनाही ते लगेच मिळत नाही, त्याला काही आठवडे जावे लागतात. तिसरा डोस ही पातळी अनेक पटींनी वर नेतो आणि ती वर्षानुवर्षं टिकण्याची सोय करतो. दोन डोसांमधल्या अंतरालाही खालची मर्यादा आहे: पहिल्या-दुसऱ्यात किमान 4 आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात किमान 8, आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत किमान 16. नेहमीच्या क्रमात याहून लवकर टोचलेला डोस हिशेबात धरत नाहीत. उशिराचं तसं नाही. राहिलेला डोस दोन वर्षांनी आठवला तरी तिथूनच पुढे जायचं असतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. “गॅप पडला, आता नव्याने तीन घ्या,” असं सांगून पैसे घेणारे दवाखाने आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आता सर्वांत रास्त आक्षेप. सहा महिने हातात असतात कोणाला? व्हिसा येतो आणि तीनेक आठवड्यांत निघायचं असतं. हे अगदी खरं आहे, आणि याचंही उत्तर वैद्यकशास्त्राने काढून ठेवलेलं आहे, म्हणूनच “बाकीचे तिकडे बघू” या वाक्याची मला जास्त चीड येते. तीन महिने हातात असतील तर 0, 1 आणि 2 महिने असा क्रम घेता येतो. तीन आठवडेच असतील तर 0, 7 आणि 21 व्या दिवशी, असाही एक क्रम प्रौढ प्रवाशांसाठी वापरला जातो. या तीन आठवड्यांच्या क्रमात शेवटच्या डोसनंतर आठवड्याभरात सुमारे दोन-तृतीयांश लोक संरक्षक पातळीला पोचतात आणि पुढच्या महिन्याभरात हा आकडा तीन-चतुर्थांशापर्यंत जातो. म्हणजे हा क्रम पूर्ण कवच देत नाही, पण एका डोसाच्या भरवशावर जाण्यापेक्षा कितीतरी बरा. मात्र या दोन्ही घाईच्या क्रमांना एक अट जोडलेली आहे: बाराव्या महिन्यात चौथा डोस. तो बहुतेकांचा बुडतो, कारण तोवर माणूस परमुलखात कामाला जुंपलेला असतो आणि आठवण करून देणारं कोणी नसतं. त्या चौथ्या डोसाची तारीख जाण्यापूर्वीच कार्डावर लिहून घ्या आणि घरच्यांच्या मोबाइलवरही टाकून ठेवा. सुट्टीवर घरी येण्याचा महिना त्याच सुमाराचा असेल तर उत्तमच. अमेरिकेत महिन्याच्या अंतराने फक्त दोनच डोस लागणारी, 2017 मध्ये मान्यता मिळालेली एक लसही मिळते. तिकडे शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी तिची चौकशी करावी, पण त्या आशेवर इथला पहिला डोस टाळू नये. कोणता क्रम घ्यायचा हे डॉक्टरांनीच ठरवायचं, पण त्यांना निघण्याची तारीख सांगितली तर ते ठरवतील ना? ती आपण होऊन सांगा.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, गोवा या पट्ट्यातून आखातात जाणाऱ्यांसाठी पुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते एजंट लोकांचा सर्वांत मोठा अपराधही इथेच आहे. आखाती देशांच्या व्हिसासाठी ठरलेल्या केंद्रावर ‘मेडिकल’ करावं लागतं. त्यात रक्तातला हेपॅटायटिस बीचा पृष्ठभागावरचा अँटिजेन, म्हणजे एचबीएसएजी, तपासतात. तो पॉझिटिव्ह आला की उमेदवार ‘अनफिट’. आता ही लस म्हणजे नेमका तोच अँटिजेन असतो, विषाणूचा फक्त बाहेरचा भाग, प्रयोगशाळेत तयार केलेला. तो टोचल्यावर काही दिवस रक्तात सापडू शकतो. 18 दिवसांपर्यंत तो सापडल्याची नोंद आहे. म्हणजे निरोगी माणसाने सोमवारी लस घेतली आणि गुरुवारी मेडिकल दिलं, तर ज्या रोगापासून वाचण्यासाठी लस घेतली त्याच रोगाचा शिक्का त्याच्या नावावर बसू शकतो. ही माहिती गुपित नाही, रक्तपेढ्यांना आणि प्रयोगशाळांना ती ठाऊक असते. तरीही “मेडिकलच्या आधी लस उरकून घ्या” असं बेधडक सांगितलं जातं, आणि रिपोर्ट आल्यावर त्याच माणसाकडे संशयाने बघितलं जातं. गावात, नात्यात, लग्नाच्या बोलण्यांत हेपॅटायटिस बीसाठी रूढ असलेले ‘पांढरी कावीळ’ हे दोन शब्द काय करतात ते महाराष्ट्रात सांगायला नको. म्हणून क्रम असा ठेवा: आधी रक्ततपासणी, मग लस, आणि कोणताही डोस व मेडिकल यांत निदान चार आठवड्यांचं अंतर. इतकं करूनही पॉझिटिव्ह आलं, तर ‘अँटी-एचबीसी’ ही विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी दुसरी तपासणी मागून घ्या. लशीत विषाणूचा गाभा नसतो, त्यामुळे लशीने ती कधीच पॉझिटिव्ह येत नाही. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आणि अँटी-एचबीसी निगेटिव्ह, शिवाय नुकताच डोस घेतल्याचा कागद हातात, अशी स्थिती असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून घेणं हा तुमचा हक्क आहे. कागद नसेल तर तुमचं कोणी ऐकणार नाही.

ही आधीची तपासणी आणखी एका कारणासाठी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 2 कोटी 98 लाख लोक या विषाणूसह जगत होते आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नव्हतं. ज्याच्या रक्तात विषाणू आधीच आहे त्याला लशीने अपाय होत नाही, पण उपयोगही शून्य. त्याला गरज असते यकृताच्या डॉक्टरांची, वेळच्या वेळी तपासणीची, लागलीच तर गोळ्यांची, आणि त्याच्या घरातल्या माणसांना लशीची. नाकात औषध सोडून कावीळ उतरवणाऱ्यांकडे जाण्यात जे महिने जातात ते यकृताला परवडत नाहीत.

आपल्याकडे सुशिक्षित माणसं आणखी दोन आक्षेप घेतात. पहिला म्हणजे, “मोठ्या माणसाला झाला तरी हा आजार बहुधा बरा होतो.” आकडे या म्हणण्याच्या बाजूचे आहेत हे मी मान्य करते. जन्मताना लागण झालेल्या बाळांपैकी 90 टक्के आयुष्यभराचे रुग्ण होतात, तर प्रौढांमध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांहून कमी आहे. पण त्या तीव्र आजारात कित्येक आठवडे अंथरुणाला खिळणं, क्वचित यकृत पूर्ण निकामी होणं, आणि या काळात पत्नीला किंवा पतीला लागण होणं, हे सगळं त्या ‘बरा होतो’मध्ये दडलेलं असतं. गरोदर बाईपर्यंत तो पोचला की गणित पुन्हा त्या 90 टक्क्यांवर येतं. दुसरा आक्षेप चारित्र्याचा: “आम्ही तसले नाही.” हा मला अज्ञानापेक्षा क्रूर वाटतो, कारण त्यात रुग्णाला दोषी ठरवण्याची तयारी आधीच केलेली असते. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो तसाच तो न उकळलेल्या सुईतून, दाताच्या दवाखान्यातल्या अवजारातून, टॅटूच्या दुकानातून, वस्तऱ्यातून पसरतो. शरीराबाहेर तो किमान सात दिवस तग धरतो. 2009 मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात जी साथ उसळली, जिच्यात कित्येकांचे प्राण गेले, तिच्या मुळाशी पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजा होत्या. ती माणसं तापासाठी, अंगदुखीसाठी डॉक्टरांकडे गेली होती. आफ्रिका आणि पश्चिम पॅसिफिक भागात रुग्णसंख्या मोठी आहे, आणि तिथे अपघात झाला, रक्त द्यावं लागलं, तर निवड तुमच्या हातात उरत नाही. शिवाय लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दीड ते पाच-सहा महिने जातात, त्यामुळे परत आलेला माणूस आपण ठणठणीत आहोत या समजुतीतच घरात वावरत असतो.

प्रवास न करणाऱ्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस 2002-03 च्या सुमारास काही ठिकाणी आणि 2011 मध्ये देशभर आली. आज पंचविशीच्या पुढे असलेल्या बहुतेकांना लहानपणी ती सरकारी दवाखान्यात मिळालेलीच नाही. खासगीत घेतली असेल तर कार्ड शोधा, “घेतली असेल बहुतेक” हे उत्तर धरू नका. रुग्णालयात काम करणाऱ्यांना तर ती मिळणं हा कायद्याचा भाग आहे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाचं हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताचं लसीकरण करणं ही संस्थेची जबाबदारी आहे. कंत्राटी सफाई कामगाराला यातून वगळलेलं नाही. तरी सुई टोचल्यावर “तू आमच्या पगारपत्रकावर नाहीस” हे ऐकावं लागतं ते त्यालाच. डायलिसिसवर असलेल्यांना नेहमीचा डोस पुरत नाही, त्यांना दुप्पट मात्रा आणि बहुधा चार डोस लागतात. चाळिशीनंतर प्रतिसाद कमी होत जातो, साठीला तो 75 टक्क्यांवर येतो. म्हणून आरोग्य कर्मचारी, डायलिसिसचे रुग्ण, प्रतिकारशक्ती खालावलेले आणि ज्यांचा जोडीदार पॉझिटिव्ह आहे असे सगळे, यांनी शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत ‘अँटी-एचबीएस टायटर’, म्हणजे प्रतिपिंडांची पातळी, तपासून घ्यावा. 10 किंवा त्याहून जास्त आला की बहुतेकांची काळजी मिटली. कमी आला तर पूर्ण क्रम आणखी एकदा. निरोगी माणसाला मात्र दर पाच वर्षांनी बूस्टर घेत राहण्याची गरज नसते.

खर्चाचं कारण आता फारसं टिकत नाही. 1997 मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली तेव्हापासून किंमत उतरत गेली, आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती बनवते. लक्ष द्यायचं ते वेगळ्याच गोष्टींकडे. इंजेक्शन दंडातच घ्या, कमरेत घेतलं तर प्रतिसाद कमी येतो. लस 2 ते 8 अंश तापमानात राहिली पाहिजे आणि ती गोठली की निकामी होते. मेडिकल स्टोअरमधून बाटली आणून पिशवीतल्या बर्फाला चिकटवून दवाखान्यात नेण्याचा प्रकार म्हणूनच घातक आहे. कार्डावर नुसती बरोबरची खूण आणि शिक्का घेऊन उठू नका. लशीचं नाव, मात्रा, बॅच क्रमांक, तारीख आणि सही, पाचही गोष्टी त्या ओळीत आल्या पाहिजेत. टोचणाऱ्याला कंटाळा आला तरी येऊ दे. कार्डाचा फोटो काढून ठेवा, कारण मूळ कार्ड एजंटच्या फाइलमध्ये गेलं की ते परत मिळवणं कठीण होतं.

आणि लस न घेतलेल्या माणसाला सुई टोचली, किंवा पॉझिटिव्ह व्यक्तीच्या रक्ताशी संपर्क आला, तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) आणि लशीचा पहिला डोस, दोन्ही मागा. शक्यतो 24 तासांच्या आत. सुई टोचल्याच्या प्रकारात सात दिवस उलटल्यावर इम्युनोग्लोब्युलिनचा भरवसा धरता येत नाही. “आधी रिपोर्ट येऊ दे, मग बघू” असं कोणी म्हणालं तर ते तसं लेखी द्यायला सांगा. माझ्या अनुभवात, लेखी मागितलं की कपाटातली बाटली सापडते.