नौकेंत पाऊल ठेवण्यापूर्वीं



सुट्टींत तलावावर किंवा खाडींत नौकाविहार करण्यासारखा आनंद विरळाच. परंतु पाण्यावर मनुष्य साधनांच्या व नियमांच्या आधारानेंच निर्भय राहूं शकतो. तो आधार कोणता, याचा येथें विचार करूं.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत पौलाच्या जलप्रवासाचा वृत्तान्त आहे. पुढें जाणें धोक्याचें आहे असें पौलानें बजावलें. पण शताधिपतीनें तांडेलाच्या व तारवाच्या धन्याच्या बोलण्यावर अधिक विश्वास ठेविला. शेवटीं तारूं फुटलें. तेव्हां पोहतां येणारे आधीं किनाऱ्यास लागले. बाकीचे फळ्यांवर व तारवाच्या तुकड्यांवर तरले. २७६ माणसांपैकीं एकही दगावला नाहीं. धोक्याची सूचना निघण्यापूर्वींच ऐकावी, आणि पाण्यांत पडणाऱ्यास तरंगणारी वस्तु हवी, हे दोन धडे येथें मिळतात.

आज ती वस्तु म्हणजे जीवरक्षक जाकीट. पाण्यांतील वस्तूवर, तिनें सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका वर ढकलणारा जोर लागतो, हा आर्किमिडीजचा सिद्धान्त तुम्ही शिकलां आहांच. मनुष्यशरीर जवळजवळ पाण्याइतकेंच जड असल्यामुळें नाकतोंड वर राहण्यास थोडाच अधिक आधार पुरतो. म्हणून शांत पाण्यासाठीं प्रौढाच्या जाकिटाची उचल १०० न्यूटन, म्हणजे सुमारें १० किलोग्रॅम वजनाइतकी असते. खुल्या समुद्रासाठीं ती १५० न्यूटन धरतात. ५० न्यूटनचें साधन पोहतां येणाऱ्यासच साहाय्यक होय. जाकीट अंगाच्या मापाचें असावें व पट्टे घट्ट बांधावे; सैल जाकीट पाण्यांत वर सरकतें आणि मूल खालून निसटतें.

बाकाखालीं ठेविलेलें जाकीट कोणास तारीत नाहीं. ता. १८ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबईहून घारापुरीस जाणाऱ्या प्रवासी नौकेस नौदलाची एक वेगवान नौका धडकली आणि १५ जणांचा अंत झाला. संकट पूर्वसूचना देऊन येत नसतें. म्हणून जाकीट धक्क्यावरच चढवावें. याशिवाय नौकेंत दोरी बांधलेलें तरंगतें कडें, शिटी, पाणी उपसण्याचें भांडें, आणि इंजिन असल्यास आग विझविण्याचें साधन असावें.

दुसरी गोष्ट भाराची. माणसें वाढलीं कीं नौकेची कड पाण्याजवळ येते. त्यांतच लोक उभे राहिले तर गुरुत्वमध्य वर चढतो, आणि सर्व एका बाजूस झुकले कीं नौका उलटते. इंग्लंडांत सॅम्युएल प्लिमसॉल या पार्लमेंटच्या सभासदानें अतिभारित जहाजांविरुद्ध चळवळ केली. तिच्यामुळें १८७६ च्या कायद्यानें जहाजाच्या अंगावर भाररेषा आंखणें सक्तीचें झालें. लहान नौकेस ठरवून दिलेली प्रवाशांची संख्या हीच तिची रेघ समजावी. “आणखी दोघे मावतील” या शब्दांनीं ती पुसली जाते.

आपल्या देशांत १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानें घेतली. नदी व तलाव यांतील यंत्रचालित नौकेची पाहणी व नोंदणी, चालकाचा परवाना, जीवरक्षक साधनें आणि विमा हीं त्यान्वयें आवश्यक आहेत.

कायदा होता, तरीही ता. १८ जानेवारी २०२४ रोजीं बडोद्याच्या हरणी तलावांत शाळेच्या सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्यू पावल्या. क्षमतेहून अधिक जण बसविले होते, आणि कित्येकांच्या अंगावर जाकीट नव्हतें. कागदावरील नियम धक्क्यावर कोणी विचारला नाहीं, तर तो कागदावरच राहतो.

यासाठीं पालकांस विनंति कीं, सहलीच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं आम्हां शिक्षकांस निःसंकोच विचारावें: नौकेची नोंदणी आहे काय? चालकास परवाना आहे काय? किती माणसांची मर्यादा आहे? प्रत्येक मुलास त्याच्या मापाचें जाकीट मिळेल काय? एकाचेंही उत्तर “नाहीं” असेल, तर मुलांनीं किनाऱ्यावरूनच तलावाची शोभा पाहावी.

आणि मुलांनो, तुमच्यांतील एखादा “मी बसणार नाहीं” म्हणाला, तर त्यास भित्रा म्हणूं नका. पौलाचें बोलणेंही प्रथम कोणास रुचलें नव्हतें.